परसबागेतल्या घराला परवानगी नाकारली? पुढे काय करायचं ते

घरामागे लांबलचक बाग आहे, तिच्या टोकाला एक छोटं घर बसेल असं वाटलं, आर्किटेक्टकडून नकाशे काढून घेतले, कौन्सिलकडे अर्ज केला आणि दोन महिन्यांनी नकार आला. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या बऱ्याच लोकांची गाडी इथेच अडते. आम्हाला सासूसासऱ्यांना लेस्टरहून आमच्याजवळ आणायचं होतं, म्हणून आम्ही या भानगडीत पडलो. पहिला अर्ज नाकारला गेला, बदललेला आराखडा मंजूर झाला. मधल्या काळात जे समजून घ्यावं लागलं ते इथे क्रमाने देते आहे. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

पुण्या-नाशिकला प्लॉट घेऊन बांधकाम केलेल्या माणसाला इथली पद्धत सुरुवातीला पचत नाही. तिकडे २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे. एफएसआय किती, समोर आणि बाजूला मार्जिन किती मीटर, हे आकड्यांत लिहिलेलं असतं. नकाशा त्यात बसवला, शुल्क भरलं की आपण हक्काने परवानगी मागतो. इंग्लंडमध्ये असा एफएसआय नाही. २००४ च्या नियोजन कायद्याचं (प्लॅनिंग अँड कम्पल्सरी पर्चेस ॲक्ट) कलम ३८(६) सांगतं की निर्णय स्थानिक विकास आराखड्याला धरून घ्यायचा, इतर महत्त्वाच्या बाबी वेगळं सुचवत नसतील तर. म्हणजे बांधकामामुळे कोणाचं, कशाचं, किती नुकसान होतं हे अधिकारी तोलतो. ‘माझी जमीन, माझे पैसे’ हा मुद्दा त्या तराजूत येतच नाही. एवढं मनाशी पक्कं केलंत की नकाराचं पत्र वेगळ्या नजरेने वाचता येतं.

१. सगळ्यात आधी तारीख पाहा

डिसिजन नोटीसवर छापलेल्या तारखेपासून अपिलाची मुदत चालू होते. नव्या स्वतंत्र घराच्या अर्जावर अपील करायला सहा महिने मिळतात. पण तुमच्या आर्किटेक्टने अर्ज ‘हाउसहोल्डर’ प्रकारात टाकला असेल, म्हणजे मूळ घराला पूरक ॲनेक्स म्हणून, तर मुदत फक्त १२ आठवडे असते. ओळखीतला कोणीतरी “सहा महिने असतात, निवांत करा” म्हणतो आणि हाउसहोल्डरवाल्याची मुदत निघून जाते. आपला अर्ज कोणत्या प्रकारचा होता, हे नोटीसच्या पहिल्या पानावर आजच पाहून ठेवा.

२. नोटीस वाचलीत, आता अधिकाऱ्याचा अहवाल वाचा

नोटीसमध्ये नकाराची कारणं दोन-तीन परिच्छेदांत आवळून लिहिलेली असतात आणि प्रत्येकाखाली धोरणांचे क्रमांक असतात. खरा मजकूर ऑफिसर्स रिपोर्टमध्ये असतो. कौन्सिलच्या वेबसाइटवर अर्जाचा क्रमांक टाकला की तो मिळतो. त्याच पानावर हायवे विभाग, ट्री ऑफिसर यांचे अभिप्राय असतात. शेजाऱ्यांची पत्रं काही कौन्सिली जाहीर ठेवतात, काही ठेवत नाहीत.

अहवाल छापून घ्या आणि दोन रंगांची पेनं घ्या. ज्या मुद्द्यांवर अधिकारी “मान्य” म्हणतो ते एका रंगाने, “हानी होते” म्हणतो ते दुसऱ्या रंगाने. आमच्या अहवालात घराची रचना, विटांचा रंग, पार्किंग यांवर काहीच आक्षेप नव्हता. एक अख्खा परिच्छेद मात्र गॅरेजशेजारच्या बोळावर होता: नव्या घरातल्या माणसांची ये-जा, रात्री येणारी गाडी, चाकाचे कचऱ्याचे डबे ओढत नेण्याचा आवाज, आणि हे सगळं शेजाऱ्यांच्या खालच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीला लागून. नोटीसमध्ये याचं झालं होतं ‘शेजाऱ्यांच्या राहणीमानाला बाधा’. नुसत्या त्या शब्दांवरून आम्ही खिडक्या हलवत बसलो असतो. दुरुस्ती बोळाची करायची होती.

३. नकार घर बांधण्यालाच आहे, की या घराला?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. पुढचा सगळा खर्च याच्या उत्तरावर ठरतो.

थोडा इतिहास सांगते. २०१० च्या जूनपर्यंत राष्ट्रीय धोरणात घराची बाग ‘आधी वापरलेली जमीन’, म्हणजे ब्राउनफील्ड, यात मोडायची. अशा जमिनीवर बांधकामाला प्राधान्य, म्हणून बिल्डर जुनी घरं विकत घेऊन मागच्या बागांत घरं कोंबत. वर्तमानपत्रांनी त्याला ‘गार्डन ग्रॅबिंग’ नाव दिलं. त्या जूनमध्ये सरकारने बागा त्या व्याख्येतून काढल्या. २०१२ मध्ये राष्ट्रीय धोरणाचा नवा दस्तऐवज, एनपीपीएफ, आला तेव्हाही ते तसंच राहिलं, आणि बागांतल्या अनुचित बांधकामाला रोखणारी धोरणं करायची मुभा कौन्सिलांना दिली गेली. काहींनी ती पुरेपूर वापरली. हॅरोने २०१३ मध्ये बागेच्या जमिनीवरच्या बांधकामासाठी वेगळी मार्गदर्शिकाच काढली.

पण ‘ब्राउनफील्ड नाही’ याचा अर्थ ‘बंदी आहे’ असा होत नाही. प्राधान्य गेलं, शक्यता राहिली. राष्ट्रीय धोरणच वस्त्यांमधल्या लहान, योग्य जागांना अनुकूल आहे. आणखी एक बारकावा: व्याख्येतले शब्द ‘बिल्ट-अप एरियातल्या’ बागा असे आहेत. त्यामुळे वस्तीबाहेरची बाग ब्राउनफील्ड ठरू शकते, असं डार्टफर्ड प्रकरणात कोर्ट ऑफ अपीलने २०१७ मध्ये सांगितलं. गावाबाहेर घर असेल तर हा मुद्दा सल्लागाराला नक्की विचारा.

आता अहवाल उघडा आणि ‘प्रिन्सिपल ऑफ डेव्हलपमेंट’ हा भाग शोधा. तिथे “तत्त्वतः मान्य” असं लिहिलेलं असेल तर नकार तुमच्या आराखड्याला आहे आणि आराखडा बदलता येतो. तिथेच नकार असेल, मागच्या बागेत घर हा प्रकारच स्थानिक धोरणाच्या विरुद्ध आहे असं म्हटलं असेल, तर खिडकी हलवून, छप्पर खाली आणून काही होणार नाही. मग शिल्लक राहतो एक प्रश्न: पुढच्या पाच वर्षांत लागणाऱ्या घरांना पुरेल एवढी जमीन कौन्सिलला दाखवता येते का? नसेल तर ‘टिल्टेड बॅलन्स’ लागू होऊ शकतो, म्हणजे तराजू परवानगीच्या बाजूला कलतो. पण एका घराचा फायदा एकाच घराएवढा मोजला जातो, हेही लक्षात ठेवा.

४. नेहमीची कारणं आणि त्यांवरचे उपाय

*परिसराचं स्वरूप.* ‘कोंदट’, ‘दाटीवाटीचं’, ‘रस्त्याच्या रचनेशी विसंगत’ असे शब्द येतात. ज्या गल्लीत सगळी घरं रस्त्याला तोंड करून आणि मागे सलग बागा, तिथे मागचं घर नजरेत खुपतं. याला उपाय कठीण. गल्लीत मागच्या बाजूला आधीपासून मंजूर झालेली घरं असतील तर त्यांचे अर्ज-क्रमांक शोधा. नुसतं “शेजाऱ्याने बांधलंय” म्हणू नका. ते कोणत्या साली, कोणत्या धोरणाखाली मंजूर झालं, बागेची खोली किती होती, हे दाखवा. कोपऱ्यावरचं घर असेल आणि बागेला बाजूच्या रस्त्याचं तोंड असेल तर तुमची बाजू फार भक्कम होते, कारण नवं घर रस्त्यावरचं घर ठरतं.

*नजर.* समोरासमोरच्या राहत्या खोल्यांच्या खिडक्यांत बऱ्याच कौन्सिली सुमारे २१ मीटर अंतर धरतात. आकडा प्रत्येकीचा वेगळा, म्हणून तुमच्या कौन्सिलची डिझाइन मार्गदर्शिका पाहा. इथे एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. तुमच्याच जुन्या घराच्या वरच्या मजल्यावरून नव्या घराच्या अंगणात दिसतं, हाही दोष धरला जातो. “तिथे माझेच सासूसासरे राहणार आहेत” हे उत्तर चालत नाही, कारण उद्या दोन्ही घरं वेगवेगळ्या माणसांना विकली जाऊ शकतात. एकमजली घर, छपरातल्या खिडक्या, १.८ मीटर कुंपणाच्या उंचीखाली राहणाऱ्या खिडक्या, हे इथले इलाज. आमचं पहिलं घर दीड मजली होतं, मंजूर झालं ते एकमजली.

*नव्या घरातली जागा.* राष्ट्रीय क्षेत्रफळ-मानक मार्च २०१५ चं आहे: एक बेडरूम, दोन माणसं, एक मजला असेल तर किमान ५० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ५४० चौरस फूट. दोन बेडरूम, तीन माणसं असतील तर ६१. दोघांची बेडरूम किमान ११.५ चौरस मीटर. कौन्सिलने हे मानक स्वीकारलेलं असेल तर नकाशात एक चौरस मीटर कमी पडणंही नकाराला कारण होतं. शिवाय बाग दोन्ही घरांना पुरेशी उरली पाहिजे. जुन्या घराच्या वाट्याला चिंधीएवढी बाग ठेवली म्हणूनही अर्ज पडतात.

*वाट.* अग्निशमन गाडी घराच्या आतल्या प्रत्येक बिंदूपासून ४५ मीटरच्या आत यायला हवी आणि तिच्या रस्त्याची रुंदी ३.७ मीटर हवी. हे बिल्डिंग रेग्युलेशनचे आकडे आहेत, पण प्लॅनिंगच्या वेळीच विचारले जातात. स्प्रिंकलर बसवले तर अंतराची मर्यादा सैल होऊ शकते. कचऱ्याचे डबे रहिवाशाला ३० मीटरपेक्षा लांब ओढावे लागू नयेत. आम्ही बोळातून गाडी नेण्याचा हट्ट सोडला, पार्किंग पुढेच ठेवलं, बोळ फक्त पायी जाण्यापुरता केला आणि डब्यांची जागा पुढच्या भिंतीआड हलवली. नवीन अहवालात तो परिच्छेद दोन ओळींचा झाला.

*झाडं.* खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ हे मुळांचं संरक्षित क्षेत्र. अर्धा मीटर जाड ओकभोवती सहा मीटरचं वर्तुळ काढा आणि पाया त्यात येतो का पाहा. झाड शेजाऱ्याच्या बागेत असलं तरी वर्तुळ तुमच्या बागेत येतं.

*करार नसणं.* हे कारण वाचून लोक घाबरतात, पण सगळ्यात सोपं हेच आहे. टेम्स बेसिन हीथ्स या पक्ष्यांच्या संरक्षित प्रदेशापासून पाच किलोमीटरच्या आत, म्हणजे ब्रॅकनेल, वोकिंग, कॅम्बर्ली या भागांत, प्रत्येक नव्या घरामागे रक्कम भरण्याचा कायदेशीर करार लागतो. अर्ज इतर कारणांनी पडणार असेल तर कौन्सिल करार करायच्या फंदात पडत नाही आणि ‘करार नाही’ हे शेवटचं कारण जोडून देते. एकतर्फी हमीपत्र, म्हणजे युनिलॅटरल अंडरटेकिंग, वकिलाकडून करून घेतलं की ते सुटतं. मात्र त्या प्रदेशापासून ४०० मीटरच्या आत नवं घर जवळजवळ होतच नाही. तिथे पुढे पैसा घालू नका.

५. वाट निवडा

*नवा अर्ज.* आराखड्याला नकार असेल तर माझं ठाम मत: आधी हाच रस्ता. पूर्वी बारा महिन्यांच्या आत दुसरा अर्ज फुकट करता यायचा. ही सवलत ६ डिसेंबर २०२३ पासून बंद झाली आहे. जुन्या लेखांवर विसंबू नका. १ एप्रिल २०२५ पासून एका घराच्या पूर्ण अर्जाची फी ५८८ पौंड झाली आणि ती दर एप्रिलला महागाईप्रमाणे बदलते. अर्जाआधी प्री-ॲप सल्ला घ्या. तो बंधनकारक नसतो, पैसेही पडतात, पण अधिकाऱ्याला काय चालेल ते लेखी मिळतं.

*अपील.* १९९० च्या नियोजन कायद्याच्या (टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्ट) कलम ७८ खाली, ब्रिस्टलच्या प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे. फी नाही. एका घराचं प्रकरण बहुतेक वेळा लेखी निवेदनांवरच चालतं, निरीक्षक एकदा जागा पाहून जातो. जो आराखडा नाकारला गेला त्याचाच बचाव अपिलात करायचा असतो. तिथे नवे नकाशे घेऊन जायचं नाही. म्हणून कौन्सिलने चुकीचं मोजलं, स्वतःच्या धोरणाचा चुकीचा अर्थ लावला किंवा तशाच दुसऱ्या घराला मंजुरी दिली, असं कागदावर दाखवता येत असेल तरच अपील करा. अपील हरलात तर निरीक्षकाचा निर्णय पुढच्या प्रत्येक अर्जाच्या फाइलमध्ये तुमच्याविरुद्ध बसतो. आधी शेजारच्या दोन-चार गल्ल्यांतले अपिलाचे निर्णय वाचा. ते सर्वांना खुले असतात, आणि तुमच्यासारख्या बागेबद्दल निरीक्षक काय म्हणतात ते दहा सल्लागारांपेक्षा नीट कळतं.

*ॲनेक्स.* वृद्ध आईवडिलांसाठीच हवं असेल तर स्वतंत्र घराचा हट्ट खरंच गरजेचा आहे का, हे घरात बसून बोला. मूळ घराला पूरक ॲनेक्स म्हणून परवानगी मिळणं सहसा सोपं जातं, कारण वेगळी बाग, वेगळं कुंपण, वेगळा पत्ता हे प्रश्नच उरत नाहीत. त्यात स्वयंपाकघर असलं म्हणून ते आपोआप स्वतंत्र घर होत नाही, हे १९९२ च्या अटल्सफर्ड निकालापासून मानलं जातं. अट एकच आणि ती पाळावीच लागते: वेगळं विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही.

६. दुसऱ्या अर्जाची फाइल

ही कागदपत्रं हाताशी ठेवा:

- लोकेशन प्लॅन, १:१२५० प्रमाणात, उत्तर दिशा दाखवलेला. लाल रेषेत, म्हणजे अर्जातल्या जागेच्या हद्दीत, सार्वजनिक रस्त्यापर्यंतची वाट आलीच पाहिजे. तुमच्या मालकीची उरलेली जमीन निळ्या रेषेत.
- साइट प्लॅन १:५०० किंवा १:२००, मजल्यांचे नकाशे आणि दर्शनी बाजू १:१०० किंवा १:५०. शेजाऱ्यांच्या खिडक्या आणि अंतरं त्यावर मीटरमध्ये लिहा.
- मालकी प्रमाणपत्र: सगळी जमीन तुमची असेल तर ‘ए’. बोळ किंवा ड्राइव्हवे सामायिक असेल तर ‘बी’, आणि त्या शेजाऱ्याला रीतसर नोटीस.
- झाडं असतील तर बीएस ५८३७ या ब्रिटिश मानकाप्रमाणे झाडांचा अहवाल.
- जैवविविधतेची माहिती. लहान जागांना १० टक्के वाढीची अट २ एप्रिल २०२४ पासून आली. स्वतः राहण्यासाठी बांधणाऱ्यांना सूट होती, पण हे नियम सतत बदलत आहेत. अर्ज भरताना त्या आठवड्याचा नियम पाहा.
- एक पानाचं उत्तरपत्र: डावीकडे जुन्या नकाराचं प्रत्येक कारण, उजवीकडे काय बदललं आणि कुठल्या नकाशावर दिसतं. आमच्या अधिकाऱ्याने फोनवर सगळ्यात आधी याच पानाबद्दल विचारलं.

सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल डॉक्टरांचं पत्र जोडलंत तरी चालेल, पण त्यावर भिस्त ठेवू नका. माणसाची गरज काही वर्षांची, इमारत शंभर वर्षांची, असा विचार करूनच अधिकारी त्याला कमी वजन देतात.

७. शेजाऱ्यांकडे आधी जा

कौन्सिलचं पत्र त्यांच्या दारात पडण्याआधी नकाशा घेऊन जा. घराची किंमत पडेल, समोरचा देखावा जाईल, हे आक्षेप प्लॅनिंगमध्ये मोजले जात नाहीत. नजर, सावली, आवाज, वाहतूक हे मोजले जातात. त्यांच्याशी वाद घालायला जाऊ नका, त्यांची खिडकी कुठे आहे ते पाहायला जा. शेजाऱ्याला तुमच्या परवानगीविरुद्ध अपिलाचा हक्क नाही, पण आक्षेप वाढले तर स्थानिक कौन्सिलर प्रकरण कमिटीसमोर नेऊ शकतो.

८. या गोष्टी अजिबात करू नका

रागाच्या भरात झाडं तोडू नका. संरक्षित झाड तोडणं हा गुन्हा आहे. कॉन्झर्वेशन एरियात तर साध्या झाडासाठीही सहा आठवड्यांची पूर्वसूचना लागते. आणि जागा साफ करून जैवविविधतेचा हिशोब कमी होत नाही, साफ करण्यापूर्वीची स्थितीच धरली जाते.

‘शेड म्हणून बांधू, आत राहू’ हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. परवानगीशिवाय बांधता येणारी बागेतली खोली मूळ घराच्या आनुषंगिक वापरासाठी असते: व्यायाम, ऑफिस, सामान. कुंपणापासून दोन मीटरच्या आत ती २.५ मीटरपेक्षा उंच नसावी लागते. तिथे स्वतंत्र बिऱ्हाड थाटलं की कारवाई. २०१३ मध्ये स्लाऊ कौन्सिलने अशी घरं शोधायला उष्णता टिपणारा कॅमेरा लावून विमान उडवलं होतं. पूर्वी चार वर्षं लपून राहिलं की घर वाचायचं, २५ एप्रिल २०२४ पासून ती मुदत दहा वर्षं झाली. मुद्दाम फसवलं असेल तर तीही मिळत नाही. गवत साठवायचं कोठार म्हणून घर बांधणाऱ्याला वेल्विन हॅटफील्ड प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये तेच सांगितलं.

मालकीचे कागद वकिलाला दाखवा. १९३० च्या सुमारास पाडलेल्या प्लॉटांवर ‘एकच घर’ असा कव्हनंट, म्हणजे मालकीच्या कागदातली बंधनकारक अट, अनेकदा असतो. प्लॅनिंगची मंजुरी मिळाली तरी तो सुटत नाही. तो बदलून घ्यायचा तर लँड्स चेंबर ट्रिब्युनलकडे वेगळा अर्ज लागतो.

९. मंजुरी आली, तरी फावडं उचलण्याआधी

अटी वाचा. काही अटींची पूर्तता काम सुरू होण्याआधी लेखी मान्य करून घ्यावी लागते. मग सीआयएल पाहा. हा पायाभूत सुविधांचा कर सगळ्या कौन्सिली लावत नाहीत, पण जिथे आहे तिथे रक्कम मोठी असते. स्वतः राहण्यासाठी बांधणाऱ्याला सूट मिळते, मात्र ती काम सुरू होण्याआधी मंजूर झालेली हवी. एक दिवस आधी जेसीबी आला तरी सूट गेली. सूट मागणाऱ्याने त्या घरात स्वतः तीन वर्षं मुख्य घर म्हणून राहायला हवं. सासूसासरे राहणार आणि अर्ज मुलाच्या नावाने, अशी मांडणी असेल तर ती इथे अडकते. स्वतंत्र घर असेल तर सूट कोणाच्या नावाने मागायची, हे कौन्सिलच्या सीआयएल विभागाला ईमेलने विचारा, त्यांचं उत्तर फाइलला लावा आणि त्यानंतरच बिल्डरला तारीख द्या.